ढोली वाचली म्हणजे घुबड वाचलं का? ग्रेट निकोबारच्या छोट्या शिंगळ्याबद्दल

मला लिहून विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे: ग्रेट निकोबार बेटावरच्या बंदर, विमानतळ आणि टाऊनशिपच्या प्रोजेक्टला २०२२ साली पर्यावरण मंजुरी देताना एक अट घातली होती की तिथल्या प्रदेशनिष्ठ, म्हणजे दुसरीकडे कुठे न सापडणाऱ्या, घुबडांची घरट्याची ढोली ज्या झाडात असेल ते झाड तोडायचं नाही, सॅकॉन या पक्षी-संशोधन संस्थेच्या मदतीने त्याचं जिओ-टॅगिंग करून, म्हणजे नकाशावर नेमकी जागा नोंदवून, ते सांभाळायचं. मग घुबडाचं टेन्शन मिटलं ना? आणि मुळात हे घुबड आहे तरी कोणतं?

टेन्शन मिटलेलं नाही. का ते जरा सविस्तर सांगतो कारण दोन ओळीत सांगितलं तर "हे काय, सगळ्यालाच विरोध" असं वाटेल.

मी गेली वीसेक वर्षं रात्रीच्या पक्ष्यांचे सर्व्हे करतो, म्हणजे दिवसा झोप काढायची आणि रात्री टॉर्च बंद करून कान टवकारून जंगलात उभं राहायचं. बरीच वर्षं सातपुड्यात वनपिंगळ्याच्या मागे गेली, आणि दोनदा निकोबारला जायला मिळालं. ढोली शोधणं हे माझ्या कामातलं सगळ्यात कंटाळवाणं आणि सगळ्यात वेळखाऊ काम आहे, त्यामुळे ती अट पहिल्यांदा वाचली तेव्हा मनात आलं की हे लिहिणाऱ्याने एकदा तरी माझ्याबरोबर ढोली शोधायला यायला हवं होतं.

आधी घुबड. निकोबार स्कॉप्स आऊल, शास्त्रीय नाव ओटस एलियस. आपल्याकडे स्कॉप्स आऊलना शिंगळा घुबड म्हणतात, डोक्यावर दोन बाजूंना पिसांची छोटी शिंगं असतात म्हणून. हे वीसेक सेंटिमीटरचं, साळुंकीपेक्षाही लहान, उबदार तपकिरी रंगाचं आणि अंगभर बारीक आडव्या रेघा असलेलं. बाकीच्या शिंगळ्यांच्या छातीवर ठळक काळे उभे फराटे असतात तसे याला फारसे नाहीत. वाळक्या पानांच्या ढिगात ठेवलं तर पायाशी असून दिसणार नाही.

याची गोष्ट मुंबईत सुरू होते असं म्हटलं तरी चालेल. हुमायून अब्दुलाली हे आपल्याकडचे फार मोठे पक्षीतज्ज्ञ, अंदमान निकोबारच्या पक्ष्यांवर त्यांच्याइतकं काम त्या काळात कुणी केलं नाही. त्यांच्या कामातून १९६६ मध्ये एक आणि १९७७ मध्ये एक असे दोन नमुने ग्रेट निकोबारवरच्या कॅम्पबेल बे गावाहून आले आणि बीएनएचएसच्या, म्हणजे बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या, संग्रहात जाऊन बसले. वेगळी जात आहे हे तेव्हा कुणाला कळलं नाही, दुसरंच शिंगळं समजून ते ट्रेमध्ये पडून राहिले. मग पामेला रासमुसेन या अमेरिकन पक्षीशास्त्रज्ञ बाईंनी ते नीट तपासले आणि १९९८ मध्ये ही नवी जात म्हणून जाहीर केली. एलियस म्हणजे लॅटिनमध्ये 'दुसरा', 'वेगळा'. ह्याच त्या रासमुसेन ज्यांनी आदल्याच वर्षी, नोव्हेंबर १९९७ मध्ये, बेन किंग आणि डेव्हिड अ‍ॅबट यांच्याबरोबर आपल्या शहाद्याजवळ वनपिंगळा पुन्हा शोधून काढला, १८८४ नंतर ज्याचा खात्रीचा एकही नमुना नव्हता तो. म्हणजे दोन वर्षांत एका बाईंनी आपल्याला दोन घुबडं दिली, एक नामशेष समजलेलं आणि एक ट्रेमध्ये हरवलेलं.

आता बघा, नवी जात जाहीर झाली ती फक्त दोन मेलेल्या पक्ष्यांवरून. ते खातं काय? त्या दोघांच्या पोटात कोळी, भुंगा आणि पाल सापडली होती. बहुतेक पुस्तकांत आहाराच्या रकान्यात अजून तेच तीन शब्द फिरतायत. घरट्याबद्दल, अंड्यांबद्दल, पिल्लं कधी उडतात याबद्दल शास्त्रीय लिखाणात जवळपास कोरं पान आहे. आणि आपण कागदावर लिहून मोकळे झालो की याची घरटी शोधून टॅग करा.

आवाजाचं सांगतो, कारण पुढचं सगळं त्याच्यावर अवलंबून आहे. हा पक्षी दिसत नाही, ऐकू येतो. एक लांब, स्वच्छ, जरासा उदास सूर, 'ऊऽऽम' असा, शेवटाला किंचित वर जाणारा, मग थोडं थांबून परत तोच. निकोबारमध्ये दुसरंही एक शिंगळं आहे, ओरिएंटल स्कॉप्स आऊल, त्याचा आवाज तीन तुकड्यांचा, बेडकासारखा खरखरीत 'टुक, टोक-टोक'. कागदावर वाचताना दोन्ही इतके वेगळे वाटतात की चूक होईल कशी असं वाटतं, पण पावसाने झाडं टपटपतायत, मागे समुद्र आहे, रातकिड्यांनी कान भरलेत आणि पक्षी अडीचशे मीटर लांब आहे, तेव्हा तीन तुकड्यांतला एकच तुकडा पोचतो आणि तुम्ही वहीत काहीतरी भलतंच लिहून बसता. पहिल्या खेपेला मी हे केलंय. दोन रात्रींच्या नोंदी नंतर रेकॉर्डिंग ऐकून खोडाव्या लागल्या.

तिथे आणखी एक गोष्ट अंगवळणी पडायला वेळ लागतो, ती म्हणजे घड्याळ. ग्रेट निकोबार आपल्यापेक्षा इतकं पूर्वेला आहे आणि घड्याळ मात्र भारताचंच, त्यामुळे फेब्रुवारीत संध्याकाळी साडेपाचच्या आत सूर्य गेलेला असतो, आणि विषुववृत्ताजवळ असल्यामुळे संधिप्रकाश वगैरे लाड नाहीत, वीसेक मिनिटांत काळोख. घुबडवाल्या माणसाची सगळी कमाई त्या तासाभराची असते. तुम्ही मुंबईच्या सवयीने सहा वाजता निघालात तर खेळ संपलेला असतो.

कॅम्पबेल बेच्या आसपास १९६९ नंतर माजी सैनिकांची कुटुंबं वसवली, त्यात पंजाबी, तमिळ, मल्याळी, तेलुगू तशी मराठीही आहेत. अशाच एका मराठी घरी आम्ही दोन दिवस राहिलो. काकांना मी मोबाईलवर दोन्ही घुबडांचे आवाज ऐकवले. पहिला ऐकून म्हणाले, "हा नाय." दुसरा, आपल्या निकोबार शिंगळ्याचा, लावला तर हातातली सुपारी अडकित्त्यातच राहिली आणि म्हणाले, "हां, हा. पूर्वी मागच्या ओढ्याला रोज असायचा, आता वर गेलाय." वर म्हणजे कुठं विचारलं तर डोंगराकडे हात केला, तिकडे अजून मोठी झाडं उभी आहेत. याला डेटा म्हणत नाहीत हे मला माहितीय. पण चाळीस वर्षं एका ओढ्याशेजारी झोपलेल्या माणसाच्या कानाला मी माझ्या दोन आठवड्यांच्या सर्व्हेपेक्षा कमी किंमत देत नाही.

आता ढोलीकडे येऊ.

शिंगळी घुबडं स्वतः ढोली कोरत नाहीत, आयती शोधतात. आपल्याकडे त्यांचे घरमालक म्हणजे सुतार पक्षी आणि तांबट, हे दरवर्षी नवी भोकं पाडतात आणि जुनी सोडून देतात, ती पिंगळे, शिंगळे, पोपट, साळुंक्या वापरतात. निकोबारची गंमत अशी की तिथे सुतारही नाही आणि तांबटही नाही. अंदमानात सुतार आहेत, निकोबारात नाहीत. म्हणजे तिथे ढोली तयार व्हायचा एकच मार्ग राहतो: मोठं झाड, त्याची जाड फांदी वादळात मोडणार, त्या जखमेत पाणी मुरणार, बुरशी लागणार, आतलं लाकूड कुजून पोकळी होणार. याला पाच-दहा वर्षं पुरत नाहीत, पिढ्या जातात. आणि लहान झाडाला अशी ढोली होतच नाही, घुबड आणि तीन पिल्लं मावतील एवढी जाडीच नसते. त्यामुळे निकोबारमधली ढोली म्हणजे म्हातारं झाड, हे समीकरण आपल्याकडच्यापेक्षा जास्त पक्कं आहे. वर भाडेकरू किती! निकोबार पोपट, लांब शेपटीचा पोपट, डोंगरी मैना, सगळ्यांना ढोलीच लागते आणि हे सगळे दिवसा भांडायला मोकळे, अंगाने बऱ्यापैकी मोठे. छोट्या घुबडाच्या वाट्याला उरलंसुरलं.

आता अट अमलात कशी आणायची ते बघा. या प्रोजेक्टसाठी १३०.७५ चौरस किलोमीटर वनजमीन वळवायला मंजुरी आहे, बेटाचा साधारण सातवा हिस्सा. किती झाडं जातील याचा २०२३ मध्ये संसदेत दिलेला अंदाज होता ९.६४ लाख. हा आकडाच मला कमी वाटतो. सगळ्या जमिनीवर पसरवला तर हेक्टरी चौऱ्याहत्तरच्या आसपास झाडं येतात, आणि सदाहरित वर्षावनात एका हेक्टरात मनगटापेक्षा बऱ्यापैकी जाड अशी झाडं शेकड्यांनी असतात, चारशे-पाचशे सहज. सगळीकडे तोड होणार नाही, काही पट्टा हिरवा ठेवणार असं सरकारचं म्हणणं आहे, तो हिशोब धरला तरी मला गणित पटत नाही. पण समजा तोच आकडा खरा मानला. एका झाडाला एक मिनिट दिलं तर ९.६४ लाख मिनिटं, म्हणजे सोळा हजार तास, रोज आठ तास एकही सुट्टी न घेता काम केलं तरी एका टीमला साडेपाच वर्षं. दहा टीम लावा, दोनशे दिवस. बरं, तिथे कोरडे म्हणावेत असे महिने जानेवारी ते मार्च, बाकी पाऊस चालूच.

आणि एका मिनिटात दिसतं काय? खाली उभं राहून तीस-चाळीस मीटर उंचीच्या झाडाकडे मान मोडेपर्यंत बघायचं, मध्ये वेली, नेचे, खालच्या झाडांचा माळा. ढोलीचं तोंड बहुतेक वेळा फांदीच्या वरच्या बाजूला असतं, कारण फांदी मोडलेली तिथेच असते. खालून दिसत नाही. काठीवरचा कॅमेरा म्हणाल तर आमची सगळ्यात लांब काठी दहा-बारा मीटरपर्यंत जाते, त्यापुढे ती वाऱ्यात अशी डुलते की ढोलीऐवजी आकाशाचे फोटो येतात. मोठी घुबडं ढोलीखाली विष्ठेचे पांढरे ओघळ, हाडांच्या गुठळ्या वगैरे पुरावा ठेवतात, हे कीटक खाणारं छोटं घुबड काहीही ठेवत नाही. खोडावर ठकठक केलं की पक्षी डोकं बाहेर काढतो म्हणतात, पिंगळा काढतोही, पण अंड्यावर बसलेली मादी शिंगळी हमखास दबा धरून आतच राहते. सातपुड्यात एका सागाच्या ढोलीवर मी तीन वेळा ठोकून 'रिकामी' असं लिहिलं होतं, चौथ्या दिवशी संध्याकाळी लांब बसून राहिलो तर त्यातून मादी निघाली.

खरी पद्धत एकच आहे, संध्याकाळी बसायचं. नर कुठून ओरडतो ते आठवडाभर ऐकायचं, मग जवळ सरकायचं, तो खाणं घेऊन कुठे जातो ते बघायचं. एका जोडीची ढोली सापडायला मला सरासरी आठ ते दहा संध्याकाळी लागतात, आणि हे सातपुड्याच्या पानगळीच्या जंगलात, जिथे फेब्रुवारीत झाडांवर पान नसतं. निकोबारला किती लागतील विचार करा. परत ढोली वापरात असते वर्षातले जेमतेम दोन महिने, बाकी वेळ ती इतर कुठल्याही भोकासारखं भोक असते, आणि पुढच्या वर्षी तीच जोडी दुसऱ्याच झाडात जाऊ शकते. म्हणजे अटीत 'घरट्याची ढोली असलेलं झाड' लिहिलंय ते नेमकं कोणत्या दिवशीचं? ज्या दिवशी टॅग लावणारा माणूस गेला त्या दिवशी रिकामं असेल तर ते बिनघुबडाचं झाड, करवत चालवा. अटीचं पालन झालं.

समजा हेही जमलं. सगळी झाडं सापडली, टॅग झाली, त्यांना कुणी हात लावला नाही. तरी काय होतं हे मी आपल्याकडे डोळ्यांनी पाहिलंय. एका रस्त्याच्या कामात आम्हाला ढोलीची झाडं दाखवायला बोलावलं होतं, आम्ही अकरा झाडांना पिवळा पट्टा मारला आणि कंत्राटदाराने खरंच अकराही सोडली, तेवढा प्रामाणिकपणा मान्य करायलाच हवा. आजूबाजूचं मात्र सगळं साफ. मी पावसाळ्यानंतर गेलो तर अकरातली चार आडवी झालेली. जंगलातलं झाड एकट्याने उभं राहायला शिकलेलंच नसतं, शेजाऱ्यांच्या आधाराने वारा झेलतं, त्याची मुळं उथळ असतात. शेजारी काढले की पहिल्या मोठ्या वाऱ्यात गेलं. उरलेल्या सातांपैकी एकाही ढोलीत घुबड नव्हतं, दोनमध्ये साळुंक्या घुसल्या होत्या. फोटोत मात्र छान दिसतं, मोकळ्या माळावर एक भव्य झाड आणि त्याला पिवळा पट्टा. रिपोर्टच्या कव्हरवर तोच फोटो होता.

वर्षावनात हे आणखी वाईट होतं. तिथल्या उंच झाडांना बुंध्याशी भिंतीसारखी आधारमुळं असतात ती उगाच नाहीत, माती पातळ असते आणि मुळं वरच्यावर पसरलेली. त्या जंगलात टर्मिनेलिया, म्हणजे आपल्या ऐन-बेहड्याच्या कुळातली झाडं आहेत, कोकणातल्या उंडीचे भाऊबंद आहेत, ती सगळी दाटीत वाढलेली. उघड्यावर आणली की उन्हाने साल भाजते, वरच्या फांद्या वाळतात आणि किनाऱ्यावरचा खारा वारा उरलेलं काम करतो.

घुबडाला ढोली वर्षातून दोन महिने लागते. बारा महिने लागतं ते बाकीचं जंगल. दिवसभर लपून बसायला वेलींचा गुंता हवा, नाहीतर छोटे पक्षी कलकलाट करून त्याला दिवसाढवळ्या उघडं पाडतात आणि मग सर्पगरुडाला वेगळं सांगावं लागत नाही. खायला कोळी, भुंगे, पाली हव्यात, त्या कुजक्या लाकडात, सालीखाली, ओलसर पाचोळ्यात असतात. आणि लोकांना माहीत नसलेली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट म्हणजे पिल्लं. शिंगळ्याची पिल्लं धड उडता येण्याआधीच ढोलीबाहेर पडतात, मग कित्येक दिवस फांदीवरून फांदीवर उड्या मारत, पंखांनी तोल सावरत, रात्रभर 'क्स्स क्स्स' करून खाणं मागत बसतात. तेव्हा त्यांना फांदीला फांदी लागून जंगल पाहिजे. एकट्या झाडातून बाहेर पडलेलं पिल्लू जमिनीवर येतं, आणि जमिनीवर मांजर असतं.

मांजराचा विषय निघालाच आहे तर. बेटावरच्या पक्ष्यांना मारायला करवतीची गरज लागतेच असं नाही, माणसांबरोबर येणारी उंदीर-मांजरं पुरतात. आणि उपाय म्हणून आणखी काही आणलं तर विचारूच नका. ऑस्ट्रेलियाच्या लॉर्ड हाव बेटावर उंदीर वाढले म्हणून टास्मानियातून मोठी घुबडं आणून सोडली, आज बेटाचं स्वतःचं छोटं घुबड जगात नाही. उंदरांमुळे किती आणि परक्या घुबडांमुळे किती याचा वाद घालत बसा. ग्रेट निकोबारला बंदर, विमानतळ, टाऊनशिप, वीज प्रकल्प असं सगळं येणार आहे, आज काही हजार लोक राहतात तिथे लाखोंची वस्ती कल्पिली आहे. रात्रभर जळणारे हाय-मास्ट दिवे येणार, किडे जंगल सोडून दिव्यांवर जमणार, किड्यांमागे घुबडं रस्त्यावर येणार. आपल्या घाटरस्त्यांवर सकाळी चिरडलेलं घुबड का दिसतं याचं निम्मं उत्तर हेच आहे.

"मग लाकडी पेट्या लावा" हा पुढचा प्रश्न मला दर व्याख्यानात येतो. पेट्या चालतात, मी नाही म्हणत नाही. नॉरफोक बेटाचं उदाहरण तर अफाट आहे, १९८६ मध्ये त्या बेटाच्या घुबडाची फक्त एक मादी उरली होती, जगात एक. १९८७ मध्ये न्यूझीलंडहून जवळच्या उपजातीचे दोन नर आणले, पेट्या लावल्या, आणि वंश पुढे चालला, मिश्र का होईना. पण तिथे पेटी लावायला राखलेलं जंगल शिल्लक होतं, ढोलीची झाडं कमी होती. पेटी ही ढोलीची टंचाई भागवते, जंगलाची नाही. आणि नॉरफोकला काय वाचवायचंय हे माहीत होतं. निकोबारच्या शिंगळ्याच्या किती जोड्या आहेत, बेटाच्या कोणत्या भागात जास्त आहेत, किती उंचीपर्यंत आहेत, हे मोजलेलंच नाही, मग पेटी कुठे लावणार?

मोजता येतं का? येतं, आणि याचं ताजं उदाहरण आहे. आफ्रिकेच्या पश्चिमेला गिनीच्या आखातात प्रिन्सिपे नावाचं बेट आहे, ग्रेट निकोबारच्या साधारण सातव्या हिश्शाएवढं. तिथे घुबड आहे असं स्थानिक लोक १९२८ पासून सांगत होते. पोपटाची पिल्लं काढायला झाडावर चढणाऱ्यांनी ते ढोलीत पाहिलंही होतं. शास्त्रज्ञांना खात्री पटली २०१६ ला, आणि २०२२ ला नवी जात म्हणून नाव मिळालं, ओटस बिकेगिला. बिकेगिला हे तिथल्या एका माणसाचं टोपणनाव, आधी पोपटाची पिल्लं काढायचा, आता तिथल्या नॅशनल पार्कचा रेंजर आहे. मला ही गोष्ट फार आवडते, ढोली शोधायची अक्कल कुणाकडे असते ते त्यातून कळतं. पण मुद्दा त्यापुढचा आहे. त्या टीमने बेटभर फिरून, अंधारात ऐकून आणि झाडांना रेकॉर्डर बांधून घुबड कुठे आहे आणि कुठे नाही याचा नकाशा केला. घुबड निघालं फक्त दक्षिणेकडच्या जुन्या, अस्पर्श जंगलात, पंधराएक चौरस किलोमीटरमध्ये, अंदाजे हजार ते दीड हजार पक्षी. आणि नकाशा झाल्यावर लक्षात आलं की जिथे घुबडं सगळ्यात दाट आहेत त्याच पट्ट्याला एका छोट्या जलविद्युत धरणाचा धोका आहे. आता वाद घालायला निदान नकाशा हातात आहे. आपल्याकडे उलटं झालंय, आधी मंजुरी, मग झाडांना टॅग, आणि नकाशा कधीतरी.

बेटांवरच्या शिंगळ्यांचा इतिहासच असा आहे. सेशेल्सचं शिंगळं संपलं असं समजत होते, १९५९ मध्ये परत सापडलं. कोमोरोसच्या अंझुआन बेटावरचं शंभरेक वर्षं गायब होतं, १९९२ मध्ये सापडलं. प्रत्येक वेळी कुणीतरी डोंगरावर उरलेल्या जंगलाच्या तुकड्यात रात्री जाऊन ऐकलं म्हणून सापडलं. तुकडा उरला नसता तर ऐकायला काय होतं?

बंदर हवं की नको, मलाक्काच्या सामुद्रधुनीतल्या जहाजांच्या वाटेवर देशाला ठाणं हवं की नको, हा माझा विषय नाही, त्यात मी शहाणपणा शिकवणार नाही. पण घुबडाची काळजी घेतली असं जर कागदावर म्हणायचं असेल तर माझ्या मते झाड हे एकक सोडून द्यायला लागेल. ओढ्याच्या दोन्ही काठांसकट, किनाऱ्यापासून डोंगरापर्यंत सलग पट्टे राखावे लागतील, कारण सखल भागातलं मोठं जंगल हेच आधी जाणार आहे आणि २००४ च्या त्सुनामीत किनाऱ्याचं एकदा गेलेलंच आहे, बेटाचं दक्षिण टोक तेव्हा काही मीटर खाली बसलं. करवत लागायच्या आधी निदान दोन सीझन रेकॉर्डर लावून ऐकायला हवं. तोडीचं काम विणीच्या महिन्यांत बंद ठेवायचं तर आधी विणीचे महिने कोणते ते कळायला हवं. आणि निकोबारी आणि शोंपेन लोकांना विचारायला हवं, २०११ च्या जनगणनेत शोंपेन २२९ होते, त्या जंगलात रात्र काढणारी माणसं तीच. इथे तोडलेल्या जंगलाची भरपाई हरियाणात झाडं लावून करायची योजना आहे, त्यावर मी काही बोलत नाही, घुबडाला तिकीट कोण काढून देणार एवढंच विचारतो.

शेवटी, तुम्ही लिहिलंय की फेब्रुवारीत कॅम्पबेल बेला जाताय आणि मोबाईलवर आवाज वाजवून घुबड बोलवायचा विचार आहे. तो विचार सोडा. विणीच्या सुमाराला नराला खोटा प्रतिस्पर्धी ऐकू आला की तो खाणं आणायचं सोडून तुमच्याशी भांडत बसतो. त्यापेक्षा पाच वाजता जागेवर पोचा, बसा, फोन एअरप्लेन मोडवर टाका आणि सरळ वीस मिनिटं रेकॉर्डिंग चालू ठेवा, काही ऐकू आलं नाही तरी ठेवा. सुरुवातीला स्वतःच्या आवाजात तारीख, वेळ, जागा आणि पाऊस होता का ते बोला, नंतर कुणालाही आठवत नाही. काहीच नाही आलं तरी ती फाईल डिलीट करू नका, 'या ओढ्यावर या रात्री आवाज नव्हता' हीसुद्धा नोंदच आहे आणि तशा नोंदी आपल्याकडे जवळजवळ नाहीत. गावाबाहेर राखीव आदिवासी क्षेत्र सुरू होतं, परवानगीशिवाय आत शिरू नका. आणि रेनकोट काळा किंवा गडद हिरवा घ्या, कुरकुर आवाज करणारा प्लास्टिकचा नको, माझ्या पहिल्या खेपेच्या निम्म्या रेकॉर्डिंगमध्ये घुबडापेक्षा माझा रेनकोटच जास्त बोलतोय.